दहावं नाव

त्या घरात भांडायचं तर बसून भांडायचं, असा सासऱ्यांनी घालून दिलेला नियम होता. बसायचंही कुठल्याही खुर्चीवर नाही, तर कारखान्यात त्या दिवशी तयार झालेल्या नव्या खुर्चीवर. माणूस तावातावाने बोलायला लागला की पुढे झुकतो, मागे रेलतो, खुर्चीच्या हातांवर मुठी आपटतो. एवढं सोसून जी कुरकुरली नाही ती खुशाल गिऱ्हाइकाला द्यावी. भांडण मिटलं की खुर्ची उलटी करून बैठकीखाली खडूने बरोबरची खूण करायची. ते काम वहिनींकडे होतं, लग्न होऊन आल्या तेव्हापासून. "या घरात मी कधी भांडले नाही, फक्त भांडणांना मार्क दिले," असं त्या सांगत, आणि ते जेमतेम अर्धं खरं होतं.

शुक्रवारी दुपारी एकच्या सुमाराला तीन नव्या खुर्च्या कारखान्याच्या मधोमध मांडल्या गेल्या. एकीवर वहिनींचे यजमान दादा, समोर धाकटे भावजी आणि तिसरीवर स्वतः वहिनी, कारण आजचा विषय त्यांच्या हृदयाची झडप हा होता.

झडप निकामी होत चालली आहे हे उन्हाळ्यातच कळलं होतं. जिन्याच्या सातव्या पायरीवर वहिनींना थांबावं लागे. पुढच्या महिन्याच्या नऊ तारखेला शस्त्रक्रिया ठरली होती. नवी झडप बसली की जिना पळत चढाल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तेव्हा वहिनींनी विचारलं होतं, पळत वर जाऊन करू काय? इथवर सगळं ठीक होतं. मग सरकारने अनुदान कापलं. छोट्या कारखान्यांच्या आरोग्यविम्याचा अर्ध्याहून जास्त हप्ता इतकी वर्षं सरकार भरत आलं होतं. ते एक तारखेपासून बंद. ज्यांच्याकडे दहा किंवा जास्त माणसं, त्यांना तेवढं चालू राहणार होतं. खुर्च्यांच्या या कारखान्यात माणसं होती नऊ. पूर्ण हप्ता भरण्याची ऐपत नव्हती. हप्ता नाही तर विमा नाही, विमा नाही तर झडप नाही, आणि अर्ज द्यायची मुदत आज पाचपर्यंत होती.

"दीड महिन्यापूर्वी आपण अकरा होतो," दादा म्हणाले. त्यांच्या केसांत नेहमीसारखा भुसा होता. "गादीवाले दोघे भाऊ गेले नसते तर आज इथे बसायची वेळ आली नसती."

"ते का गेले ते सांग ना," भावजी म्हणाले. "विम्याची खात्री नाही म्हणून गेले. मोठ्या फर्निचर कंपनीत विमा फुकट."

"म्हणजे विमा जाईल म्हणून ते गेले, आणि ते गेले म्हणून विमा गेला," वहिनी म्हणाल्या. "आता शिव्या तरी कुणाला घालायच्या?"

"मला घाला. आयता समोर बसलोय."

भावजींचं हे म्हणणं खोटं नव्हतं. गेल्या निवडणुकीत त्यांनी या भागातून उभ्या राहिलेल्या साहेबांसाठी घरोघर फिरून मतं मागितली होती. साहेबांचा हसरा फलक दोन वर्षं कारखान्याच्या दारावर होता. त्यांच्या सभागृहातल्या चाळीस खुर्च्याही इथूनच गेल्या होत्या, आणि त्यातल्याच एकीवर बसून साहेबांनी अनुदान कापायच्या बाजूने हात वर केला. कर कमी होतील, धंदा वाढेल, असं सांगितलं होतं. समोरच्या न्हाव्याने दुकान बंद करून इस्पितळाच्या उपाहारगृहात बशा विसळायची नोकरी धरली, कारण तिथे विमा होता. कोपऱ्यावरचा दवाखाना आठवड्यातून तीनच दिवस उघडू लागला. गल्लीतली माणसं भावजींना पाहून रस्ता बदलत. मग एका सकाळी फलक दारावरून नाहीसा झाला, आणि पॉलिश करणारे चपडाकाका तो जमिनीवर पालथा अंथरून त्यावर खुर्च्या रंगवू लागले. त्यांच्या अंगाला सदा चपड्याचा, म्हणजे लाखेच्या पॉलिशचा वास, म्हणून ते चपडाकाका. ते कधीच खुर्चीवर बसत नसल्यामुळे नियमाप्रमाणे त्यांना भांडता येत नसे, पण शेरे मारायला बंदी नव्हती.

"आपल्याच खुर्चीत बसून आपल्याच पोटावर पाय," ते आताही खालून म्हणाले.

"मी तीनदा जाऊन आलो त्यांच्याकडे," भावजी म्हणाले. "बाहेर दोनशे माणसं उभी. पुढच्या निवडणुकीच्या भीतीने साहेबांची झोप उडालीय. ही दहा माणसांची सवलतसुद्धा लोकांनी सभागृहाला वेढा घातला म्हणून मिळाली. पण नऊ म्हणजे नऊ, म्हणतात."

"मग आज कुणाला तरी कामावर घेऊ," दादा म्हणाले. "तुझा मेहुणा रिकामाच आहे."

दारात उभी असलेली लेक इतका वेळ गप्प होती. ती औषधाच्या दुकानात कामाला होती आणि आज अर्धी सुट्टी काढून विमा कार्यालयातून नियमांचा कागद घेऊन आली होती. "नाही चालायचं, बाबा. नाव सलग वर्षभर नोंदलेलं पाहिजे. लोक असंच काहीतरी करणार हे त्यांना आधीच माहीत होतं."

वहिनींनी सवयीने तिन्ही खुर्च्यांकडे कान दिला. एकही कुरकुरत नव्हती.

"वरची खोली विकू," दादा म्हणाले.

"आज पाचपर्यंत?" वहिनी म्हणाल्या. "आणि विकून एक वर्ष निभेल. पुढच्या वर्षी काय, जिना विकणार?"

भावजी पुढे झुकले, मागे रेलले, पुन्हा झुकले. "दादा, अजून एक सांगायचंय. आज नाही सांगितलं तर मला घास गिळवणार नाही. मी त्या मोठ्या कंपनीत अर्ज केलाय. पोरं लहान आहेत रे. पोराचा दमा तुला माहीत आहे."

दादांचा चेहरा पडला. सासऱ्यांनी दोघांच्या हाती एकाच दिवशी रंधा दिला होता, दादा चौदाचे आणि भावजी नऊचे असताना. "म्हणजे नवाचे आठ," दादा एवढंच म्हणाले.

"बरोबर केलंत, भावजी," वहिनी म्हणाल्या.

दोघांनी एकदम त्यांच्याकडे पाहिलं. दादांना वाटलं होतं बायको आपल्या बाजूने बोलेल. भावजींना वाटलं होतं वहिनी आता कायमच्या तुटल्या. वहिनी मात्र मांडीवर घेतलेल्या खुर्चीच्या गादीत दाभण घालत शांतपणे म्हणाल्या, "पोराला दम लागतो तेव्हा कसं वाटतं ते या घरात माझ्याइतकं कुणाला कळायचं? मी तुमच्या जागी असते तर महिनाभर आधीच अर्ज केला असता." हे बोलताना त्यांना मनातून भीती वाटत होती, फार भीती वाटत होती, आणि आपण एवढ्या शहाण्यासारखं कसं बोलतोय याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं.

भावजींनी डोळे पुसले. लेक कागद पुन्हा वाचू लागली, बहुधा आईकडे बघावं लागू नये म्हणून. वाचता वाचता ती मोठ्याने म्हणाली, "इथे हजेरीचं काही म्हटलेलंच नाही. व्यवसाय नोंदणी कचेरीच्या वहीत जितकी नावं, तितकी माणसं धरणार. हिस्सेदार धरून."

दादांची खुर्ची कुरकुरली.

खरं तर खुर्ची नव्हती कुरकुरली, दादांच्या घशातून तसा आवाज आला होता. त्यांचे कान लाल झाले. सव्वीस वर्षांत वहिनींनी ते कान दोनदाच इतके लाल झालेले पाहिले होते, आणि दोन्ही वेळा दादांनी काहीतरी लपवलेलं होतं.

"काय हो?" त्या म्हणाल्या.

"वहीत दहा आहेत," दादा जमिनीकडे बघत म्हणाले.

"दहावं कोण?"

दादांनी खिडकीकडे बोट केलं. खिडकीबाहेर रस्ता, आणि रस्त्यापलीकडे दुसरा खुर्च्यांचा कारखाना. त्यात पट्टीकरवतीचं यंत्र घरघरत होतं. तो कारखाना दादांच्या धाकट्या बहिणीचा होता. वहिनी तिला वन्सं म्हणत, आणि बाकी सारी गल्ली आत्या. बारा वर्षांपूर्वी याच मधल्या जागेत, अशाच खुर्च्यांवर बसून, खुर्चीचे पाय यंत्रावर कापायचे की हाताने, यावरून बहीणभाऊ चार तास भांडले होते. आत्या यंत्राच्या बाजूच्या. शेवटी त्या उठल्या आणि समोर जाऊन यंत्र घेऊन बसल्या. दुसऱ्या दिवशी दादा नोंदणी कचेरीत गेले आणि संध्याकाळी येऊन सगळ्यांना म्हणाले, "नाव खोडून आलो." तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलले नव्हते. मधलं अंतर होतं बावीस पावलांचं.

"तू म्हणाला होतास खोडलं," भावजी म्हणाले.

"म्हणालो होतो."

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," चपडाकाका म्हणाले.

वहिनींना राग आला. तो पायापासून चढत आला आणि छातीत धडधडला तशी त्यांनी दाभण बाजूला ठेवली. "आठवडाभर मी रोज नऊ माणसं मोजतेय. झोपताना मोजते, उठल्यावर मोजते. आणि तुम्हाला माहीत होतं?"

"नव्हतं गं. मीही कारखान्यातली डोकीच मोजत होतो. वही विसरूनच गेलो होतो." दादा म्हणाले. "खोटं बारा वर्षं बोललं की आपल्यालाही खरंच वाटायला लागतं."

हे मात्र खरं होतं. वहिनी नवऱ्याला ओळखून होत्या. हा माणूस दुसऱ्याला फसवण्याआधी स्वतः फसत असे. राग आला तसा उतरला, आणि त्याच्या जागी एक बारीकशी आशा येऊन बसली. त्या आशेची त्यांना रागापेक्षा जास्त भीती वाटली.

"अर्जावर सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या लागतात," लेक म्हणाली. "अडीच वाजलेत."

"मी जातो ताईकडे," भावजी उठले.

"तुम्ही बसा," वहिनी म्हणाल्या. "अहो, तुम्ही जा. मीही गेले असते. बावीस पावलं झेपतील मला. पण हे ओझं माझं नाही."

दादा उठले. त्यांनी केसांतला भुसा झटकला, मग जसे होते तसेच, विजारीवर सरसाचे डाग घेऊन, रस्ता ओलांडायला निघाले. वहिनी खिडकीशी उभ्या राहिल्या. दादा रस्त्याच्या मध्यावर थांबले, तेव्हा त्यांनी कठडा घट्ट धरला. एक सायकलवाला घंटी वाजवत गेला. मग दादा पुढे झाले आणि आत दिसेनासे झाले.

थोड्या वेळाने यंत्राची घरघर थांबली. बारा वर्षं दिवसभर कानावर पडणारा तो आवाज असा मध्येच थांबला की गल्लीला किती शांत वाटतं हे वहिनींना पहिल्यांदाच कळलं.

आत्या पुढे आणि दादा मागे, असे दोघे आले. आत्यांचे केस पांढरे झाले होते. रस्त्यापलीकडून ते दिसत असूनही वहिनींना ते आत्ता नव्याने दिसले. आत्यांनी दारातूनच सगळ्यांवर नजर फिरवली, वहिनींच्या ओठांच्या निळसर कडेपाशी ती जराशी थबकली, आणि मग त्या सरळ जाऊन दादांच्या खुर्चीवर बसल्या. आत्या भांडणार होत्या.

"आठ दिवस झाले माझ्याकडेही ते सरकारचं पत्र येऊन पडलंय," त्या म्हणाल्या. "मी आणि तीन माणसं. अनुदान बंद. मी म्हटलं चला, बुडायचं तर आपल्या हिमतीवर बुडू. आणि आज हा येऊन सांगतो, तू बारा वर्षं माझी हिस्सेदार आहेस." त्यांनी खुर्चीच्या हातावर मूठ आपटली. "मी साऱ्या जगाला सांगत आले की सख्ख्या भावाने माझं नाव खोडलं. त्या एका रागावर कारखाना उभा केला मी. आणि तू खोडलंच नव्हतंस? मला तोंड दाखवायला काय जागा ठेवलीस?"

"चुकलो," दादा म्हणाले. ते उभे होते, त्यामुळे भांडूही शकत नव्हते.

"का नाही खोडलंस ते सांग."

दादांनी वहिनींकडे पाहिलं, मग भावजींकडे. कुणीही मदतीला आलं नाही.

"कचेरीत गेलो होतो," ते म्हणाले. "नाव कमी करायचा अर्ज घेतला, भरला, सही केली. नंबर यायला वेळ होता म्हणून बाकावर बसलो. तर बाक डुगडुगत होता. शेजारी एक म्हातारी बसलेली, दर वेळी मी हललो की ती दचकायची. मागचा डावा पाय बोटभर आखूड होता. बघवेना. खिशात दुसरं काही नव्हतं, म्हणून..." ते थांबले.

"म्हणून काय?"

"त्या अर्जाच्या चार घड्या घातल्या आणि पायाखाली सरकवला. बाक एकदम पक्का बसला. म्हातारी म्हणाली, देव तुझं भलं करो. मग माझा नंबर आला, तेव्हा अर्ज काढायचा तर म्हातारीला उठवावं लागलं असतं. मी म्हटलं उद्या येऊ. उद्या गेलो तर बाकावर पाच माणसं बसलेली."

"आणि परवा?"

"परवा गेलोच नाही."

आत्या त्यांच्याकडे बघत राहिल्या. वहिनींनी श्वास रोखून धरला, डॉक्टरीणबाईंनी तो मुळीच रोखायचा नाही असं बजावलेलं असूनही. मग आत्यांच्या खांद्यांना कंप सुटला, आणि रडू येतंय असं सगळ्यांना वाटेपर्यंत त्या हसायला लागल्या होत्या. हसता हसता त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"बाबाही असेच," त्या भावजींना म्हणाल्या. "आठवतं? माझ्या शाळेत नाव घालायला गेले आणि हेडमास्तरांची खुर्ची दुरुस्त करून परत आले. नाव राहिलंच."

"तुझं वर्ष वाया गेलं होतं, ताई," भावजी म्हणाले. तेही हसत होते.

"आण गं तो कागद," आत्या भाचीला म्हणाल्या.

लेकीने अर्ज पुढे केला. आत्यांनी पेन हातात घेतलं आणि थांबल्या. "वहिनी, एक सांगून ठेवते. ही सही मी याच्यासाठी करत नाहीये. बारा वर्षं रोज सकाळी तू दार उघडताना माझ्या कारखान्याकडे बघून मान हलवतेस. याने एकदाही हलवली नाही."

"हलवायचो मी," दादा म्हणाले. "तू आत गेलीस की."

"सुंभ जळला तरी पीळ जायचा नाही, दोघांचाही," चपडाकाका म्हणाले, आणि आत्यांनी सही केली.

लेक अर्ज छातीशी धरून धावत गेली. त्यानंतरचा दीड तास कसा गेला ते वहिनींना नीटसं आठवत नाही. भावजींनी चहा केला, तो उतू गेला. आत्यांनी गादीचे टाके तपासून दोन उसवले आणि वहिनींनी ते मुकाट्याने पुन्हा घातले. साडेचारला लेकीचा फोन आला. "आई, वहीत दहा नावं निघाली. शिक्का बसला. पूर्ण वर्षासाठी. नऊ तारीख पक्की."

वहिनींचा जीव भांड्यात पडला. त्या फोन हातात धरून नुसत्या बसून राहिल्या. दादांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि काढलाच नाही. वहिनींनी आठवडाभरात पहिल्यांदा मोजणं सोडून दिलं. माणसं किती हे आता बघायची गरज नव्हती, ती सगळी समोर होती. इतकं हलकं त्यांना झडप बिघडल्यापासून कधी वाटलं नव्हतं.

"मी त्या कंपनीतला अर्ज मागे घेतो," भावजी म्हणाले. "आणि साहेबांच्या दारात सोमवारी उभा राहतो. दहाची सवलत आम्हाला मिळाली, न्हाव्याला नाही, ताईच्या तिघांना नाही. मतं मागायला जसं घरोघर गेलो, तसं आता जाब विचारायला लोकांना घेऊन जातो."

"जाताना त्यांच्या खुर्चीचा एक पाय कापून आण," आत्या म्हणाल्या. "यंत्रावर कापला तर दोन मिनिटांत होईल."

"हाताने सफाईदार होतो," दादा म्हणाले.

मग आत्यांनी भुवई वर केली आणि दादा एकदम खजील होऊन हसले. लेक परत आली तेव्हा तिला दारातूनच ते हसू ऐकू आलं आणि शिक्का मारलेली पोचपावती तिने हवेत हलवली.

वहिनींनी ती पावती दोनदा वाचली आणि फडताळात ठेवली. मग सवयीप्रमाणे खडू घेऊन त्या आल्या. भावजींची खुर्ची त्यांनी उलटी केली आणि खूण केली. स्वतःची केली. मग तिसरीपाशी आल्या. तिच्यावर आत्या अजून बसलेल्याच होत्या.

"उठता का, वन्सं?" वहिनी म्हणाल्या. "कुरकुरली नाही एकदाही. खूण करून टाकते."

आत्यांनी पाठ टेकली आणि दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर नीट ठेवले.

"खूण करू नकोस," त्या म्हणाल्या. "माझं भांडण कुठे संपलंय? उद्या येते."

वहिनींनी खडू पदराला बांधला. त्या संध्याकाळी ती खुर्ची त्यांनी गिऱ्हाइकाच्या रांगेत लावली नाही; खिडकीपाशी ठेवली, दार उघडताना समोर दिसेल अशी.